गळतीनंतरची स्वच्छता आणि गावाला द्यावयाची माहिती

तमिळनाडूतील तंजावर शहराच्या दक्षिणेस ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी येथे मुक्तांबाळ यांच्या नावाने एक छत्र उभारले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे निवारा व अन्न मिळत असे. या परिसरातील भातशेतीला कल्लणै कालव्याचे पाणी मिळते; १९३४ साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणाच्या योजनेतून हा कालवा काढण्यात आला. कावेरीच्या या सपाट मुलखात पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरत जाते. म्हणून एका शेतात जे सांडते, ते त्या शेतापुरतेच राहील असा भरवसा देता येत नाही. सांडलेला पदार्थ उचलला जात असताना शेजारच्या शेतकऱ्याला काय कळते, हा प्रश्न अशा प्रदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो.

कदिरामंगलम येथील गळती

याच जिल्ह्याच्या ईशान्य भागात, कुंभकोणमच्या पलीकडे, कदिरामंगलम हे गाव आहे. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या विहिरी व नळमार्ग या परिसरात आहेत. ३० जून २०१७ रोजी तेथील एका नळमार्गातून कच्चे तेल शेतात गळू लागले. ग्रामस्थ गळतीच्या जागी जमले. जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याशी बोलावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे आग, झटापट, लाठीमार आणि अटका असे प्रसंग घडले. अटक झालेल्यांमध्ये मिथेन प्रकल्पाच्या विरोधात काम करणारे प्राध्यापक जयरामन हेही होते. त्यानंतर गावातील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि आंदोलन दीर्घकाळ चालले.

तेलाचे प्रमाण फार मोठे नसतानाही हा प्रसंग इतका का चिघळला, याचा विचार करण्यासारखा आहे. भूजलाचा रंग व वास पालटला असल्याची ग्रामस्थांची तक्रार होती; महामंडळाला ती मान्य नव्हती. दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा हाताने घेतलेला पाण्याचा नमुना आणि सर्वांसमोर वाचून दाखविलेला त्याचा निष्कर्ष, याच गोष्टीची तेथे उणीव होती. विधान आणि प्रतिविधान यांच्यामध्ये मोजमाप नसले, म्हणजे उरतो तो केवळ अविश्वास.

जमिनीत काय घडते

कच्चे तेल हा अनेक हायड्रोकार्बनांचा मिश्र पदार्थ होय. त्यातील हलके घटक काही दिवसांत हवेत उडून जातात. बेंझीनसारखे काही घटक थोड्या प्रमाणात पाण्यात विरघळून खाली झिरपू शकतात. जड घटक मातीच्या कणांना चिकटून राहतात. तेलाने माखलेल्या मातीत पाणी नीट मुरत नाही व मुळांना हवा मिळत नाही.

वरचा काळा थर खरवडून नेणे हे काम काही दिवसांचे असते. त्यानंतरचे काम सूक्ष्म जीवाणूंवर सोपवावे लागते. तेल हेच ज्यांचे अन्न आहे असे जीवाणू मातीत मिसळतात, त्यांना नत्र व स्फुरद पुरवितात, ओलावा राखतात आणि हवा खेळावी म्हणून माती वरचेवर नांगरतात. भारतात अशा जीवाणूंचे मिश्रण दिल्लीच्या टेरी या संस्थेने विकसित केले आहे. परंतु या पद्धतीला महिने लागतात, आणि मधल्या काळात डोळ्यांना काहीच दिसत नाही. शेत स्वच्छ दिसते तेव्हा ते स्वच्छ असतेच असे नाही. त्याचप्रमाणे, काम चालू असूनही ते थांबले आहे असे गावाला वाटू शकते. ठरावीक दिवशी दिलेला अहवाल ही उणीव भरून काढतो.

प्रमाण आणि मर्यादा

तमिळनाडूतीलच आणखी दोन उदाहरणांवरून अशा अहवालात काय असावे हे स्पष्ट होते.

२८ जानेवारी २०१७ रोजी पहाटे चेन्नईजवळ एण्णूर येथील बंदराबाहेर 'बीडब्ल्यू मेपल' आणि 'डॉन कांचीपुरम' या दोन जहाजांची टक्कर झाली. प्रारंभी बंदराकडून प्रदूषण झाले नसल्याचे सांगण्यात आले. तथापि किनाऱ्यावरील कोळ्यांना काळे तेल दिसत होते. नंतर सुमारे २० टनांचा अंदाज पुढे आला आणि अखेरीस हा आकडा सुमारे १९६ टनांवर गेला. मधल्या काळात कोळी व स्वयंसेवक बादल्यांनी तेल उपसत होते. पहिला आकडा चुकणे क्षम्य असते, कारण घाईत अचूक मोजणी होत नाही. 'हा अंदाज आहे, अमुक दिवशी पुन्हा सांगू' असे न म्हणता तो ठामपणे सांगणे मात्र महागात पडते.

दुसरे उदाहरण कोडैकानल येथील तापमापकांच्या कारखान्याचे आहे. पाऱ्याने दूषित झालेली फुटकी काच भंगाराच्या आवारात सापडल्याचे रहिवासी व पर्यावरणवाद्यांनी २००१ च्या मार्चमध्ये उघड केले आणि कारखाना बंद झाला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेला पाठविण्यात आला. दूषित माती मात्र तेथेच राहिली. किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅम पारा, म्हणजे १०० किलोग्रॅम मातीत २ ग्रॅम, अशी मर्यादा स्वच्छतेसाठी ठरविण्यात आली. ती अधिक कडक असावी, असे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे होते. 'माती स्वच्छ झाली' या वाक्याचा अर्थ मर्यादा कोणती यावर अवलंबून असतो, हे यावरून ध्यानात येईल.

कायद्याची चौकट

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर या क्षेत्रात कायदे झाले. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली १९८९ साली घातक रसायनांविषयी नियम झाले. त्यांनुसार धोक्याच्या उद्योगाने आसपासच्या लोकांना पूर्वसूचना देणे आवश्यक आहे. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती गट स्थापिले. या दोन्हींचा भर मोठा अपघात आणि त्याचा क्षण यांवर आहे. २०२५ साली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम अधिसूचित झाले. २०२० साली तमिळनाडूने तंजावरसह कावेरी खोऱ्याचा मोठा भाग संरक्षित कृषिक्षेत्र म्हणून घोषित करून तेलाच्या नव्या शोधास बंदी केली. पूर्वीचे प्रकल्प मात्र त्यातून वगळले आहेत. जुने नळमार्ग जेथे आहेत, तेथे गळतीचा संभव त्यामुळे संपलेला नाही.

अहवालाचे स्वरूप

गावाला द्यावयाचा अहवाल एका पानाचा असला तरी पुरे. काय सांडले, केव्हा आणि अंदाजे किती. ते कोठवर पसरले. माती व पाण्याचे नमुने कोणत्या जागी, किती खोलीवर, कोणी व कोणासमोर घेतले. काय आढळले आणि मान्य मर्यादा किती. उचललेली माती कोठे नेली. कोणती विहीर वापरू नये. नुकसानभरपाईसाठी कोणाकडे जावे. आणि पुढील अहवाल कोणत्या दिवशी मिळेल, इतक्या गोष्टी त्यात याव्यात. तो तमिळ भाषेत असावा, पंचायतीच्या फलकावर लागावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने नागरिकाला कागद मागता येतो. परंतु ज्याच्या शेतात तेल आले, त्याला ते न मागता मिळावयास हवेत.

अहवालाने तेल नाहीसे होत नाही. पण कोणते पाणी प्यावे, कोणत्या खाचरात रोप लावावे आणि केव्हा थांबावे, हे शेतकऱ्याला ठरवावेच लागते, आणि ते तो हंगामाच्या आत ठरवितो. प्रयोगशाळेतील आकडा हंगाम उलटल्यावर त्याच्या हाती आला, तर स्वच्छता झाली असली तरी त्याच्या दृष्टीने ती अपुरीच होय.