शेताची परिमिती व कुंपणाची तार

शेताला कुंपण घालावयाचे ठरले म्हणजे शेतकरी प्रथम सातबाराचा उतारा पाहतो व त्यावरील क्षेत्रावरून तारेचा अंदाज बांधतो. येथेच चूक होते. तार लागते ती शेताच्या सर्व बाजूंच्या एकूण लांबीला, म्हणजेच परिमितीला; आणि क्षेत्र तेवढेच असूनही परिमिती दुपटीहून अधिक असू शकते.

एक हेक्टराचे चौरस शेत घ्यावे. त्याची प्रत्येक बाजू 100 मीटर, म्हणून परिमिती 400 मीटर. तेवढेच क्षेत्र 25 मीटर रुंद व 400 मीटर लांब पट्टीत असेल, तर लांबीरुंदीच्या बेरजेची दुप्पट 850 मीटर भरते. तारेच्या तीन ओळी ओढावयाच्या तर पहिल्या शेतास 1200 मीटर तार पुरेल; दुसऱ्यास 2550 मीटर लागेल. अडीच मीटरांवर एक खांब धरल्यास खांब अनुक्रमे 160 व 340. तार अर्ध्यावर संपली की एक बाजू उघडी राहते, आणि गुरे नेमकी तिकडूनच शिरतात.

वाटणीच्या वेळीही हा हिशेब उपयोगी पडतो. चार हेक्टरांच्या चौरस शेताचे चार भावांत उभे पट्टे पाडले, तर सामाईक बांध एकदाच मोजूनही एकूण 1400 मीटर कुंपण लागते. चार चौरस वाटे केल्यास 1200 मीटर. मात्र प्रत्येक वाट्यास वाट व पाणी मिळत असेल तरच असे वाटे करावेत. पट्टे पाडण्याची चाल बहुधा त्या अडचणीतूनच पडली असावी.

शेताचा कोपरा काटकोनात कापला गेला असल्यास एक गोष्ट ग्रामसेवकांनी प्रत्यक्ष मोजून दाखवावी. 100 मीटर लांब व 80 मीटर रुंद शेताचा 30 बाय 20 मीटरांचा कोपरा शेजाऱ्याकडे गेला, तर क्षेत्र 600 चौरस मीटरांनी घटते; परिमिती मात्र पूर्वीप्रमाणे 360 मीटरच राहते. जमीन गेली तरी तारेचा खर्च कमी होत नाही.

नाल्याकाठची बाजू वाकडी असते. तेथे प्रत्येक वळणावर खुंटी ठोकून सरळ तुकडे वेगवेगळे मोजावेत व त्यांची बेरीज करावी. सुंभाची दोरी ताणली की लांबते. म्हणून साखळी किंवा फीत वापरावी.

गोल विहिरीचा परीघ काढण्यास व्यासाला 22 ने गुणून 7 ने भागावे. सात मीटर व्यासाच्या विहिरीचा परीघ 22 मीटर होतो. कुंपण काठापासून सर्व बाजूंनी एक मीटर दूर घेतले, तर व्यास नऊ मीटर होऊन परीघ सुमारे 28.3 मीटर भरतो. सव्वासहा मीटर अधिक कुंपणात काठाची माती ढासळण्याची भीती असलेली जागा कुंपणाच्या आत येते.