विचारणे आणि मोजणे

अंगाला हात लावला की ताप कळतो. पण तो किती, हे तापमापीच सांगते. स्त्रियांच्या आजारांचेही तसेच आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया होत्या ५५ टक्के. तपासल्यावर एक ना एक स्त्रीरोग आढळला किती जणींत? ९२ टक्के! आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के. म्हणजे नुसते विचारून भागत नाही. स्त्री-डॉक्टर, सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळा हे सारे खेड्यापर्यंत न्यावे लागते, त्याला पैसा लागतो. बाळंतपण व कुटुंबनियोजनासाठी सरकार तो पूर्वीपासून देते. स्त्रीरोगांच्या पाहणीसाठीही अंदाजपत्रकात वेगळी रक्कम हवी, आणि तीही प्रत्येक जिल्ह्याला.