मस्तक आधी, जबडा नंतर : बालकाच्या वाढीचे वेळापत्रक आणि गावाची जबाबदारी

रोहा तालुक्यातील खांब हे मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठण्याच्या पुढे आणि कोलाडच्या अलीकडे वसलेले गाव. पेण आणि रोहा तालुक्यांत भातशेती करणारी कुटुंबे, कामगारांची घरे आणि आदिवासी वाड्या शेजारी शेजारी नांदतात. या घरांच्या परिस्थितीत पुष्कळ अंतर असले, तरी त्यांत जन्मणाऱ्या बालकांच्या शरीराला एकच वेळापत्रक लागू असते. ते निसर्गाने ठरविलेले असून कोणाच्याही सोयीसाठी पुढे ढकलले जात नाही. अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांना ते ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने वाढत नाहीत. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ स्कॅमन यांनी १९३० साली ही गोष्ट आलेखाने दाखविली. मेंदू आणि त्याला सामावणारी कवटी यांची वाढ सर्वांत आधी होते. हातपाय, धड आणि जबडा यांची वाढ पौगंडावस्थेपर्यंत चालू राहते. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, तर प्रौढ माणसाचे उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतके असते, ते यामुळेच.

कवटीची घडण

कवटी ही एकसंध पेटी नव्हे. प्रौढाच्या कवटीत २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ मेंदूभोवती व १४ चेहऱ्यात असतात. जन्मसमयी मेंदूभोवतीची हाडे एकमेकांना घट्ट जुळलेली नसतात. त्यांच्यामध्ये मऊ शिवणी असतात आणि जेथे अनेक हाडांचे कोपरे एकत्र येतात तेथे टाळू असते. मागची टाळू साधारणतः दोन-तीन महिन्यांत, तर पुढची बहुधा १२ ते १८ महिन्यांत भरून येते.

या रचनेमुळेच प्रसूतीच्या वेळी हाडे एकमेकांवर किंचित सरकतात आणि डोके सुखरूप बाहेर येते. त्यानंतर काही दिवस ते लांबट दिसते. पण ते आपोआप पूर्ववत होते. त्यास गोल आकार देण्यासाठी मालिश करताना दाबण्याची काहीच आवश्यकता नाही. टाळूकडे लक्ष मात्र अवश्य द्यावे. जुलाब होत असता टाळू खोल गेली, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. ताप किंवा उलट्या असता ती फुगली, तर बालकास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

कवटी वाढते ती मुख्यतः आतील मेंदू वाढतो म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार मुलाच्या डोक्याचा मध्यम घेर जन्माच्या वेळी ३४.५ सेंटिमीटर, एक वर्षाचा असता ४६.१, दोन वर्षांचा असता ४८.३ आणि पाच वर्षांचा असता ५०.७ सेंटिमीटर असतो. मुलींचा घेर याहून सुमारे अर्धा ते सव्वा सेंटिमीटर कमी असतो. म्हणजे पहिल्या एका वर्षात साडेअकरा सेंटिमीटरांहून अधिक वाढ होते आणि पुढील चार वर्षांत मिळून जेमतेम साडेचार सेंटिमीटर. शाळेत नाव घालण्याच्या वयापर्यंत मेंदूची बहुतेक वाढ झालेली असते.

याचा आरंभ तर जन्मापूर्वीच झालेला असतो. ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पुष्कळदा त्या वेळी मातेला आपण गरोदर असल्याची कल्पनाही नसते. म्हणून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गर्भधारणेच्या आधीपासून घेणे हितावह आहे. गर्भाच्या मेंदूसाठी आयोडीनही तितकेच आवश्यक असते. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे, हा आग्रह त्यासाठीच आहे.

वजन आधी घटते, डोके शेवटी

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील बालकांशी तुलना करता ती सर्वच मापांत लहान होती. परंतु पोट आणि दंड जितके कमी भरले, तितका डोक्याचा घेर कमी भरला नाही. पोषण अपुरे पडले की शरीर प्रथम स्नायू व इतर अवयवांच्या वाढीत काटकसर करते आणि मेंदूचा वाटा शक्य तितका राखून ठेवते.

यातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, डोके नीट वाढते आहे एवढ्यावरून बालकाचे पोषण ठीक आहे असे मानू नये. वजन आणि उंची यांची नोंद हवीच. दुसरा असा की, ज्याचा घेरही सातत्याने मागे पडत आहे, त्याच्याबाबत पहिल्या सूचना आधीच निसटून गेलेल्या असू शकतात. अशा बालकाची तपासणी लांबणीवर टाकू नये. घेर अपेक्षेहून फार झपाट्याने वाढत असेल, तरी मेंदूतील द्रव साचत असण्याचा संभव असल्याने डॉक्टरांना दाखवावे.

जबड्याचे स्वतंत्र वेळापत्रक

नवजात बालकाचा चेहरा लहान आणि हनुवटी मागे असते. खालचा जबडा दोन भागांचा असतो. पहिल्या वर्षात ते जुळून एक होतात. चेहऱ्याची वाढ दात, श्वसन आणि चर्वण यांच्यासोबत होते. खालच्या जबड्याच्या वाढीला पौगंडावस्थेत पुन्हा वेग येतो आणि मुलांच्या बाबतीत ती वयाच्या अठराव्या वर्षापलीकडेही थोडीफार चालते.

दुधाचे २० दात साधारणतः सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. ते पडणारच आहेत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे चुकीचे आहे. दुधाची दाढ किडून वेळेआधी गेली, तर शेजारचे दात त्या जागी सरकतात आणि कायमच्या दातांची दाटी होते. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ कोणताही दात न पडता मागील बाजूस येते. त्यामुळे तीही दुधाचीच समजून पालक गाफील राहतात. इयत्ता पहिलीच्या शिक्षकांनी ही एवढी एक गोष्ट पालकसभेत सांगितली, तरी अनेक दाढा वाचतील. चावण्याच्या व्यायामाने जबड्याचे स्नायू व हाडे यांस चालना मिळते. नाचणीची भाकरी, वाल, भाजलेले चणे हे कोकणातील घरांना परिचित पदार्थ मऊ व गोड बिस्किटांपेक्षा मोठ्या मुलांच्या दातांना निश्चितच मानवतात.

दात ही बालपणाची नोंदवहीही आहे. दातावरील एनॅमलचे कवच तयार होत असताना बालक आजारी किंवा उपाशी राहिले, तर त्यावर खाचा किंवा खळगे उरतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली बालके आढळली. डॉ. सुभाष वाळिंबे व डॉ. जॉन लुकाच यांनी त्या सांगाड्यांचा अभ्यास केला आणि दुधाच्या दातांवरील असे दोष नोंदविले. ज्या बालकांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, त्यांचे हाल दातांनी सांगितले.

मोजमाप कशासाठी?

डोक्याच्या मापांचा जगात दुरुपयोगही झाला आहे. कवटीवरून वंशांची श्रेष्ठ-कनिष्ठता ठरविण्याचे प्रयत्न युरोपात दीर्घकाळ चालले. डॉ. इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांनी १९३०च्या सुमारास बर्लिन येथे ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला. या असमानतेचा वंशाशी संबंध असल्याचे आपल्याला आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. आपल्या मार्गदर्शकाच्या समजुतीविरुद्ध पुराव्याने बोलण्याचे धैर्य एका तरुण मराठी संशोधिकेने दाखविले, याचे स्मरण प्रत्येक मोजपट्टीसोबत ठेवावे. घेर मोजायचा तो बालकाची बुद्धी, जात किंवा योग्यता ठरविण्यासाठी नव्हे, तर त्याला मदत वेळेवर पोहोचावी म्हणून. एकाच मापावरून निष्कर्ष काढू नये. वाढीची दिशा पाहावी.

भट्टीचा हंगाम आणि हजार दिवस

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. रायगड जिल्ह्यात हा प्रश्न कातकरी वाड्यांवर अधिक बिकट होतो. भातकापणी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दोन वर्षांच्या बालकाने असे दोन हंगाम बाहेर काढले, म्हणजे मेंदूच्या वेगवान वाढीच्या काळातील मोठा हिस्सा गावाच्या नोंदवहीत कोराच राहिला. आईबापांना रोजगार सोडता येत नाही आणि मेंदूला थांबता येत नाही. हा पेच सोडविण्याचे काम पंचायतीचे आहे.

त्यासाठी पुढील गोष्टी सहज करता येतील. स्थलांतरापूर्वी गरोदर माता व तीन वर्षांखालील बालके यांची यादी करून प्रत्येकाचे माता-बाल संरक्षण कार्ड अद्ययावत करावे व ते कुटुंबासोबत द्यावे. भट्टी ज्या गावाच्या हद्दीत आहे, तेथील अंगणवाडीस ही यादी कळवावी. भट्टी असलेल्या गावाच्या पंचायतीने आलेल्या बालकांना परके न मानता आहार व लसीकरण द्यावे. कुटुंब परतल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा मोजमाप घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. दुभंगलेले ओठ व टाळा हे व्यंगही या कार्यक्रमात येते आणि त्यावर मोफत शस्त्रक्रिया होऊ शकते. हे व्यंग मातेने ग्रहणात भाजी चिरल्याने होत नाही. गर्भाचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात व टाळा बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो. ती जुळणी अपुरी राहिल्याने ते होते. त्यात मातेस दोष देण्याजोगे काहीही नाही. पथकाच्या भेटीची तारीख ग्रामपंचायतीने दवंडीने किंवा फलकावर आधी जाहीर करावी, म्हणजे शेतावर गेलेल्या घरांतील बालके सुटणार नाहीत.

मशेरीचा प्रश्नही ग्रामसभेत निघावा. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. जेथे जन्मवजनच मुळात कमी, तेथे हे शंभर ग्रॅम लहान नाहीत.

रस्ता, नळपाणी योजना किंवा शाळेची खोली एखाद्या वर्षी राहून गेली, तर पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घेता येते. बालकाच्या पहिल्या दोन वर्षांना पुढचा आराखडा नसतो. खांबसारख्या प्रत्येक गावाच्या ग्राम आरोग्य व पोषण समितीने आपल्या मासिक सभेत दोन वर्षांखालील प्रत्येक बालकाचे नाव घेऊन त्याचे शेवटचे मोजमाप केव्हा झाले, हा एक प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा.