हाक कोणाची, ओ कोणाची? : तांत्रिक मराठीचा एक पाठ

तांत्रिक विषय मराठीत लिहिताना पारिभाषिक शब्द अडतात, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या अनुभवाने जास्त अडते ते वाक्य, विशेषतः त्यातला कर्ता. महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या महाविद्यालयांत विद्यार्थी विज्ञान इंग्रजीतून शिकून येतात आणि मराठी कथा-कवितेपुरती ठेवतात. त्यांच्यासाठी मी वर्गात संगणकातला एक प्रश्न घेतो : यंत्राचा इंटरप्ट सदोष असेल, तर ड्रायव्हरने काय करावे?

‘इंटरप्ट’ला ‘व्यत्यय’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो. पण व्यत्यय म्हणजे नको असलेला अडथळा. इथे नेटवर्क कार्ड किंवा डिस्क प्रोसेसरला हाक मारत असते. प्रोसेसर हातातले काम थांबवतो, ड्रायव्हरमधला हँडलर त्या हाकेला ओ देतो, मग मूळ काम पुढे चालू होते.

दोष मुख्यतः दोन. एक, हाक पोहोचतच नाही. काम झालेले असूनही ड्रायव्हर वाट पाहत बसतो. दुसरा, हाक थांबतच नाही. जुन्या पीसीआय रचनेत अनेक यंत्रे एकच तार वापरू शकतात. हाक आली की तारेवरचा प्रत्येक हँडलर आपल्या यंत्राचे स्टेटस रजिस्टर वाचून ‘माझी’ किंवा ‘माझी नाही’ असे सांगतो. सगळेच ‘माझी नाही’ म्हणाले, तर तारेवरचा संकेत तसाच राहतो आणि हाक पुन्हा पुन्हा येते.

लिनक्स कर्नल याचा हिशेब ठेवतो. 1,00,000 हाकांपैकी 99,900 हून अधिक हाकांना कोणी ओ दिली नाही, तर तो ती तार बंद करतो आणि नोंदीत ‘नोबडी केअर्ड’ असे लिहितो. ‘कुणी पर्वा केली नाही’ हे त्याचे शब्दशः भाषांतर झाले; ‘कुणी ओ दिली नाही’ हे खरे मराठी. मात्र तार बंद झाली की तिच्यावरची निर्दोष यंत्रेही मुकी होतात.

यावरचा उपाय म्हणजे हाकेवर विसंबून न राहता टायमर लावून ठरावीक वेळाने रजिस्टर स्वतः तपासणे. याला पोलिंग म्हणतात. फार वेळा पाहिले तर प्रोसेसरचा वेळ वाया जातो, क्वचित पाहिले तर काम रेंगाळते. म्हणून हाक चालू ठेवून जोडीला संथ टायमरचा पहारा ठेवणे बऱ्याचदा सोयीचे ठरते. तेव्हा दोन पथ्ये पाळावीत : हाक आली म्हणजे काम आहेच असे न मानता रजिस्टर पाहावे, आणि हँडलर व टायमर यांनी एकच काम दोनदा करू नये, म्हणून लॉक वापरावा.

आता भाषेकडे वळू. ‘व्यत्यय दुर्लक्षित केला जातो’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास सापडते. व्याकरणात चूक नाही. पण दुर्लक्ष कोणी केले? हँडलरने ‘माझी नाही’ म्हटले, की कर्नलने तार बंद केली? पहिल्या बाबतीत ड्रायव्हर किंवा यंत्र तपासावे लागते. दुसऱ्या बाबतीत तारेवरच्या सगळ्याच यंत्रांची चौकशी करावी लागते. कर्ता लपवणारे वाक्य दुरुस्ती करणाऱ्याला भलत्याच दाराशी नेते.

स्वाध्याय : वरील दोन्ही दोष प्रत्येकी पाच वाक्यांत लिहा. प्रत्येक वाक्यात हाक कोणी मारली, कोणी ऐकली आणि ओ कोणी दिली, हे स्पष्ट हवे. ‘केला जातो’ हा प्रयोग एकदाही वापरू नका.