शेपटीचे हाड आणि त्याचे नाव

पक्ष्याच्या शेपटीची पिसे एका लहानशा हाडाच्या आधाराने उलगडतात व मिटतात. शेपटीच्या टोकाचे काही मणके एकमेकांत मिसळून हे हाड तयार होते. शास्त्रात त्याला 'पायगोस्टाइल' म्हणतात. मराठीत 'पुच्छस्तंभ' म्हणता येईल.

सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्सला पुच्छस्तंभ नव्हता. त्याची शेपटी लांब व सुट्या मणक्यांची होती. पुढच्या काळातील, चीनमध्ये सापडलेल्या कन्फ्यूशिसॉर्निसला मात्र तो होता. त्यामुळे हे हाड म्हणजे पक्षिवंशाची खूण, अशी समजूत रूढ झाली. 'पायगोस्टिलिया' हे एका गटाचे नावही त्यावरूनच पडले.

सन 2000 मध्ये या समजुतीला धक्का बसला. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात सापडलेल्या 'नोमिंगिया' या डायनासोरच्या शेपटीचे शेवटचे पाच मणके असेच एकजीव झालेले आढळले. हा प्राणी पक्षी नव्हता, उडतही नव्हता. तरीही बार्सबोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' नियतकालिकातील लेखाच्या शीर्षकातच 'पायगोस्टाइल' हा शब्द वापरला. पुढे चीनमधील बेपियाओसॉरस या वेगळ्या गटातील डायनासोरच्या शेपटीतही अशीच रचना दिसून आली.

मग तिघांच्या हाडांना एकच नाव द्यावे काय? आकार पाहिला, तर द्यावे. वंश पाहिला, तर थांबावे लागते. नोमिंगियाचा नातलग कॉडिप्टेरिक्स याच्या शेपटीच्या टोकाला पिसांचा पंखा होता, परंतु मणके सुटेच होते. म्हणजे मणक्यांचे हे एकीकरण पक्ष्यांकडून आलेले नाही. ते त्या गटात स्वतंत्रपणे घडले असावे. नाव एकच ठेवून त्यालाच नात्याचा पुरावा मानले, तर नोमिंगिया चुकीच्या घराण्यात जाऊन बसेल. म्हणून काही अभ्यासक 'पायगोस्टाइलसदृश' असा सावध शब्द वापरतात. शब्द लांबतो खरा, पण तो अधिक प्रामाणिक आहे.

बेडकाच्या बाबतीत हा घोटाळा होत नाही. त्याच्याही पाठीच्या कण्याचे टोक एका लांब दांड्यासारखे जुळलेले असते. पण त्याचे नाव 'यूरोस्टाइल' असे वेगळे आहे. माणसाच्या कण्याच्या टोकाशीही काही मणके जुळलेले असतात. त्यांना मराठी माणूस कधीचाच 'माकडहाड' म्हणत आला आहे. त्या शब्दाने मात्र आकार न सांगता थेट नातेच सांगून टाकले आहे.