प्रीकॅल्क्युलसच्या आधीची दोन प्रकरणं

मुलं मोठी झाल्यावर किंवा नोकरीची वाट बदलायची म्हणून अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पुन्हा शिकायला जाणारी मराठी माणसं मला दर सेमिस्टरला भेटतात. इंग्रजी जमतं, कॉम्प्युटर जमतो, घोडं अडतं ते गणितापाशी. अकरावीला कॉमर्स घेऊन गणिताऐवजी एस. पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) निवडलेल्यांचं तर हमखास. मी त्यांच्यातलीच, म्हणून हे लिहिते आहे.

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्सला नाव घातलं. बी. कॉम.च्या गुणपत्रिकेत बिझनेस मॅथेमॅटिक्स होतं. तेवढ्यावरून तिथल्या सल्लागारबाईंनी मला कॉलेज अल्जिब्रा माफ केलं आणि थेट प्रीकॅल्क्युलसच्या वर्गात बसवलं. एक कोर्स वाचला, फी वाचली, घरी आनंद. पण त्या बिझनेस मॅथेमॅटिक्समध्ये होतं व्याज, कमिशन, शेअर्स. बीजगणित माझं दहावीच्या पेपरबरोबर संपलं होतं.

वर्गात सर फळ्यावर सोडवायचे तेव्हा प्रत्येक पायरी पटायची. घरी वही उघडली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला हात थांबायचा. एक गणित इथे मुद्दाम मांडते. फल दिलं आहे फ(क्ष) = १/क्ष. आता फ(क्ष + ह) मधून फ(क्ष) वजा करा आणि उत्तराला ह ने भागा. पुढे कॅल्क्युलसचा पाया ज्यावर उभा राहतो ती हीच मांडणी, म्हणून प्रीकॅल्क्युलसमध्ये ती पुन्हा पुन्हा येते. यात नवीन कल्पना एकच: क्षच्या जागी अख्खा (क्ष + ह) ठेवायचा. बाकी सगळं शाळेतलं. दोन अपूर्णांकांचा समान छेद क्ष(क्ष + ह). अंशात येतं क्ष − (क्ष + ह). कंस सोडवताना वजाचं चिन्ह आतल्या दोन्ही पदांना लागतं, म्हणून उरतं −ह. ते ह ने भागलं की उत्तर −१/[क्ष(क्ष + ह)]. वर्गातल्या निम्म्या वह्यांत त्या कंसापाशी चिन्ह चुकलेलं असायचं. काहींनी तर समान छेद न करता छेदातलाच क्ष उडवलेला असायचा. नवी कल्पना सगळ्यांना कळलेली होती. बुडवत होते ते अपूर्णांक आणि कंस.

चाचण्यांचे गुण बघून मी तो कोर्स सोडला. फी परत मिळण्याची तारीख उलटून गेली होती आणि गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’, म्हणजे कोर्स सोडल्याचा शेरा, कायमचा बसला. पुढच्या सेमिस्टरला कॉलेज अल्जिब्रा रीतसर केलं, मग प्रीकॅल्क्युलस पुन्हा घेतलं, आणि तेव्हा ते अंगावर आलं नाही.

अल्जिब्राशिवाय प्रीकॅल्क्युलस अंगावर का येतं, ते दोन पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवल्या की कळतं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातून चालणाऱ्या ओपनस्टॅक्सची कॉलेज अल्जिब्रा आणि प्रीकॅल्क्युलस ही दोन्ही पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. फल, रेषीय फल, बहुपदी, घातांकी आणि लघुगणकी फल ही प्रकरणं दोन्हींत आहेत. मात्र अल्जिब्राच्या पुस्तकात त्यांच्याआधी दोन प्रकरणं आहेत: एक पूर्वतयारीचं, दुसरं समीकरणं आणि असमानतांचं. घातांक, करणी, अवयव पाडणं, बैजिक अपूर्णांक, वर्गसमीकरणं, सगळं त्यांत. प्रीकॅल्क्युलसचं पुस्तक सुरूच होतं फलांपासून. ही दोन प्रकरणं येतात असं ते गृहीत धरतं. म्हणून कॉलेज अल्जिब्राला जा किंवा जाऊ नका, ही दोन प्रकरणं हातात बसल्याशिवाय प्रीकॅल्क्युलसला नाव घालू नका.

हातात बसली की नाही, हे ओळखायला पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर करून बघा. वेगवेगळ्या छेदांचे दोन बैजिक अपूर्णांक वजा करा. पूर्ण वर्ग करून वर्गसमीकरण सोडवा. ऋण आणि अपूर्णांकी घातांक असलेली राशी सोपी करा. (अ + ब) चा वर्ग करताना मधलं पद न चुकता येतं का, बघा. अ वर्ग आणि ब वर्ग यांच्या बेरजेचं वर्गमूळ अ + ब होत नाही, हे आकडे घालून स्वतःला पटवा: ९ आणि १६ यांच्या बेरजेचं वर्गमूळ ५, ७ नव्हे. यातलं काही अडलं, तर अल्जिब्राचा कोर्स घेण्यात वेळ वाया जात नाही.

कोणत्या वर्गात बसायचं हे ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा, मग ती अ‍ॅक्युप्लेसर असो वा अ‍ॅलेक्स, एकट्याने द्या. घरून द्यायची असेल तर इंजिनिअर नवऱ्याला शेजारी बसवू नका. वरच्या वर्गात बसणार तुम्ही आहात.

नाव घालण्याआधी सल्लागारांना विचारा, की माझ्या पदवीला नेमकं कोणतं गणित लागतं. नर्सिंग किंवा मानसशास्त्राला बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्र पुरतं. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, भौतिकशास्त्र यांची वाट कॅल्क्युलसकडे जाते आणि तिथे प्रीकॅल्क्युलस सहसा टळत नाही. आपल्या कॉलेजातलं कॉलेज अल्जिब्रा प्रीकॅल्क्युलसची पूर्वअट म्हणून चालतं का, हेही विचारून घ्या. काही ठिकाणी ते केवळ सर्वसाधारण विषय म्हणून शिकवतात.

अल्जिब्राला बसलात की ऑनलाइन गृहपाठ जपून करा. अडलं की ‘असंच उदाहरण दाखवा’ असं बटण असतं. ते बघून आकडे बदलले की पूर्ण गुण मिळतात, परीक्षेत मात्र ते बटण नसतं. बघितलेलं गणित दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा सोडवा, एकेका ओळीला एकच पायरी लिहा. आलेख आधी हाताने काढा, मग डेसमॉस या आलेख काढणाऱ्या संकेतस्थळावर ताडून बघा. कॉलेजच्या मोफत शिकवणी केंद्रात पहिल्या आठवड्यापासून जा, नापास व्हायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्यांनी काही आठवड्यांत उरकणारा उन्हाळी कोर्स टाळावा. घातांक आणि लघुगणक पचायला दिवस जावे लागतात. उलट अल्जिब्रा झाल्यावर प्रीकॅल्क्युलस लगेच पुढच्या सेमिस्टरला घ्या, मध्ये वर्ष गेलं की हाताची सवय सुटते. आणि त्रिकोणमिती कॉलेज अल्जिब्रात सहसा नसते. प्रीकॅल्क्युलसमध्ये ती भरपूर असते. सारा वेळ तिला देता यावा, यासाठीच अल्जिब्रा आधी पक्कं करायचं. साइन-कोसाइनची नित्यसमानता सिद्ध करताना समान छेद कसा करायचा हे आठवत बसावं लागलं नाही, की समजा तयारी झाली.