बंबवाल्याची आठवण कशी सांगावी?

चिखलोलीत परवा एका घरी तेरावे होते. गेलेले गृहस्थ बंबखात्यातून निवृत्त झालेले. भजन आटोपल्यावर थोरल्याने विचारले, "महाराज, बाबांविषयी चार शब्द काय बोलू? त्यांनी घरी कधी काही सांगितलंच नाही." प्रश्न खरा आहे. गवंड्याने बांधलेले घर दाखविता येते. जळायचे वाचले ते कसे दाखवावे?

तेव्हा मंडळींस १४ एप्रिल १९४४ ची हकीकत सांगितली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभे होते. त्याच्या एकाच पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटकेही. जहाजावर स्फोटके सुमारे १४०० टन. दुपारी कापूस पेटला. कापसाची आग मोठी लबाड. वरून विझलीशी वाटते, आत धुमसतच राहते; घट्ट दाबलेल्या गाठीत पाणी शिरत नाही. जवानांनी शेकडो टन पाणी ओतले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. त्याचा हादरा दूर शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. बंबाचे ६६ जवान त्यात गेले. पोटात काय भरले आहे ते कळल्यावरही नळी टाकून ते पळाले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

ही गोष्ट आपणांस दूरची वाटू नये. चिखलोलीच्या शेजारीच औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत. तेथे दर वेळी पाणी हेच औषध नव्हे. जळत्या तेलावर पाणी मारले तर तेल तरंगते नि आग पसरते. तेथे फेस टाकून हवा तोडावी लागते. म्हणून बंबवाला आधी 'काय पेटलंय?' विचारतो, मग नळी उचलतो. बादली घेऊन धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढे तरी शिकावे.

असो. इतक्यात आतून आई बोलल्या, "आम्ही बंबखान्याच्या चाळीत राहायचो. घंटा झाली की हे भरल्या ताटावरून उठायचे. मी ताट झाकून ठेवायची. कितीदा तरी सकाळी तेच गरम करून वाढलंय. आले की आधी आंघोळ, मग पोरांना जवळ घेणार. आणि गॅस बंद आहे का, ते रात्री दोनदा बघणार, अगदी परवापर्यंत."

थोरल्याला म्हटले, "हेच सांग."

"यात काय सांगायचं?" तो म्हणाला. पण उभा राहिला आणि त्या झाकल्या ताटापासूनच त्याने सुरुवात केली.